आमच्या घरातली रकून

आमच्या आत्याबाईंच्या हाती साक्षात ब्रह्मदेव लागला असता, तर त्यांनी त्यालाही आधी तांब्यात बुचकळला असता, त्याची चारी तोंडं अंगठ्यानं चोळली असती आणि मगच पाटावर बसवला असता. तुम्हाला वाटेल म्हातारी फुगवून सांगते आहे. पण मी लग्न होऊन त्या घरात आले, तेव्हा उंबऱ्यावरच त्यांनी माझा हात धरला, ओल्या बोटांनी मनगटापासून नखांपर्यंत चोळून पाहिला आणि माझ्या सासूबाईंना म्हणाल्या, "वैनी, पोरीला कामाची सवय न्हाई. पन हाड चांगलं हाय." मी अंबाजोगाईची, मॅट्रिक पास, डोक्यावर पदर आणि पदराखाली भलतंच मोठं डोकं. बाजारात म्हैस पारखावी तशी मला पारखली, म्हणून मला इतका राग आला की उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं सोडून मी नुसतीच नाक फुगवून उभी राहिले. नाक फुगवणं हे त्या काळातलं माझं मुख्य काम होतं. बाकीची कामं आत्याबाई म्हणाल्या तशी येतच नव्हती.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. नवरा लग्नानंतर दोन वर्षांतच गेला, तेव्हापासून भावाकडे. नेकनूरला एसटीतून उतरून दीड कोस चालत गेलं की आमचं गाव लागायचं. त्या गावात आत्याबाईंच्या तांब्याची ख्याती खुद्द आत्याबाईंपेक्षा मोठी होती. तांब्या सतत मांडीशी. हातात येईल ती वस्तू त्यात बुडवायची, दोन्ही हातांच्या बोटांनी चोळायची आणि मान वर करून, दुसरीकडेच कुठेतरी बघत, तिचा निकाल द्यायचा. शेंगा, सुया, किल्ल्या, हळकुंडं, झारा, सगळं. एकदा पूजेचा बत्तासा हातावर पडला तर तोही त्यांनी बुचकळला. बत्ताशानं काय करायचं असतं ते त्यानं केलं. आत्याबाई कितीतरी वेळ तांब्यात बोटं फिरवत राहिल्या. "आत्ता हुता की," असं म्हणाल्या, मग पाण्याचा घोट घेतला आणि समाधानानं मान हलवली. "गोड हाय. म्हंजी हितंच हाय." माझ्या वडिलांचं पहिलं पत्र आलं तेही माझ्याआधी त्यांच्या हाती पडलं. शाई पार वाहून गेली. मी रडायला लागले तर म्हणाल्या, "रडती कावून? कागद जाड हाय. बापाचं बरं चाललंय."

आणि हे सगळं कधी, तर बहात्तरच्या दुष्काळात. विहिरीच्या तळाशी वाटीनं पाणी खरवडायचं, टँकरची वाट बघत बायकांनी घागरींची रांग लावायची आणि घागरीशेजारीच बसून निवडणं-टिपणं करायचं, असे ते दिवस. बाया-बापे खडी फोडायला जात होते. आमच्या घरात माणशी पाणी ठरलेलं. आत्याबाईंना दिवसाला एक तांब्या. पण त्या एका तांब्यात त्या जे करत, ते आजकालच्या धुण्याच्या यंत्राला बारा बादल्यांत जमत नाही. सकाळी आधी स्वच्छ वस्तू, मग कमी स्वच्छ, मग मातीच्या, असा क्रम. त्या क्रमात कुणी आपलं काही मध्येच घुसवलं तर त्याची खैर नसे. संध्याकाळी ते पाणी म्हशीला जाई. म्हैस ते आधी हुंगायची, मग आमच्या सगळ्यांकडे एकदा नीट बघायची आणि नाइलाजानं प्यायची.

आता माझी अक्कल ऐका. शाळेत निबंधाचं बक्षीस म्हणून मला जगातल्या प्राण्यांचं एक चित्रांचं पुस्तक मिळालं होतं. सासरी येताना मी साड्या मोजून आणल्या नाहीत, पण ते पुस्तक ट्रंकेत सगळ्यात वर ठेवलं. सासरच्या मंडळींना आपण कोण आहोत ते कळावं हा हेतू. त्यात रकून नावाचा प्राणी होता. अमेरिकेतला, थोराड मांजराएवढा, डोळ्यांवर चोरानं बांधावी तशी काळी पट्टी, शेपटीवर कडी. त्याचं खाणं म्हणे तो पाण्यात धुऊन मगच खातो. जर्मन लोक त्याला सरळ 'धुणारं अस्वल' म्हणतात. आणि रकून हे नाव मुळात इंग्रजांचं नव्हेच. त्या किनाऱ्यावर आधीपासून राहणाऱ्या लोकांच्या भाषेतला तो शब्द, अराकून की असलंच काहीतरी. गोऱ्यांच्या जिभेला तो पेलेना, म्हणून त्यांनी पुढचा-मागचा भाग झिजवून रकून करून टाकला. अर्थ, 'जो हातांनी चोळतो तो'. हे वाचलं आणि मी चटकन मान वर करून पाहिलं, तर समोर आत्याबाई तांब्यात वांगं चोळत बसलेल्या.

त्याच दिवशी मी माहेरच्या मैत्रिणीला पत्र लिहिलं, की आमच्या घरात एक जिवंत रकून आहे. नवऱ्यालाही सांगितलं. तो हसला, म्हणून आणखी दोन दिवस सांगितलं. हसणारा नवरा मिळाला की नव्या नवरीचं डोकं ठिकाणावर राहत नाही. व्हायचं तेच झालं. एके सकाळी आत्याबाईंनी मला समोर बसवलं.

"सूनबाई, तू मला कायतरी नाव ठिवलंय म्हनं."

"नाव म्हणजे... तसं नाही आत्याबाई."

"काय ते, रकून. म्हंजी काय?"

"म्हणजे जी हातांनी चोळते ती," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं. चार पाय आणि शेपूट तेवढी मी गाळली. "अमेरिकेतल्या लोकांचा शब्द आहे."

"अमेरिकेतल्या," आत्याबाईंनी तो शब्दही चोळून पाहिला. मग उठल्या आणि दुपारपर्यंत सगळ्या आळीला सांगून आल्या, की शिकलेल्या सुनेनं आपल्याला परदेशी नाव दिलं. पुढे कुणी हाक मारली, "आत्या, कुठं निघाल्या?" की त्या म्हणत, "रकूनबाई म्हन." गावानं म्हणायला सुरुवात केली. रकून काय आहे हे एखाद्या शिकल्यासवरल्या माणसाला माहीत असेल या भीतीनं मला वर्षभर धड जेवण गेलं नाही. गावात शिकलेलं माणूस दिसलं की मी त्याला चहा पाजायला घरात ओढायची, म्हणजे ते बाहेर बोलणार नाही.

त्याच दुष्काळात गावात दूध सोसायटी निघाली होती. शेतात काही उरलं नव्हतं. ज्यांनी सोसायटीच्या पेंडेवर म्हैस जगवली, त्यांच्या घरात तेवढं दोन वेळचं चुलीवर चढत होतं. सोसायटीत भेसळ ओळखायला कुणीतरी हवं, तर चेअरमननी आत्याबाईंना बसवलं. प्रत्येक चरवीतलं चमचाभर दूध त्या तळहातावर घेत, दुसऱ्या हाताच्या ओल्या बोटांनी चोळत आणि सांगत, "पानी हाय. सोताच्या हातानं घातलं का सुनंच्या?" किंवा, "म्हशीला वाळला कडबा घातलाय, तिला पेंड द्या," किंवा नुसतंच, "हं. घ्या." एकदा एका पाटलाच्या चरवीला त्या 'परत' म्हणाल्या, तर पाटील गुरगुरत आले आणि पाच मिनिटांनी हात जोडून गेले. गड्यानं खरंच ओढ्याचं पाणी घातलं होतं. सोसायटीच्या दारातलं ते लाकडी स्टूल म्हणजे आत्याबाईंचं राज्य झालं. भावाच्या घरात त्या सगळ्यांच्या मागून जेवायच्या, सणावाराला मागच्या खोलीत बसायच्या. स्टुलावर बसल्या की मात्र माणसं त्यांच्या तोंडाकडे बघायची. त्यांचं स्वतःचं असं जगात तेवढंच होतं आणि हे मला त्या वेळीही कळत होतं, म्हणून पुढचं सांगायला लाज वाटते.

दूध खात्याचं पत्र आलं. तपासणी लॅक्टोमीटरनंच, म्हणजे दुधात सोडायच्या आकडे असलेल्या काचेच्या नळीनंच व्हावी आणि आकडा वाचता येणाऱ्या माणसानं करावी. साहेब सोमवारी येऊन सगळं ठरवून जाणार. चेअरमन आमच्या ओसरीवर आले आणि म्हणाले, "तुमची सून मॅट्रिक हाय. तिलाच बसवू." आत्याबाई कोपऱ्यात मिरच्या चोळत होत्या. त्यांनी पुढची मिरची तांब्यात बुडवली. मी मात्र लाजून मान खाली घातली आणि लगेच वर केली. मला त्या स्टुलावर बसलेली मी दिसायला लागले होते, डाव्या हातात घड्याळ आणि उजव्या हातात ती काचेची नळी. घड्याळ माझ्याकडे नव्हतं, ते मी मनानंच बांधलं.

सोसायटीचा नियम असा, की महिनाभर रोज दोन लिटर घातलं नाही तर सभासदत्व जातं आणि पेंड बंद होते. आमची म्हैस आटत चालली होती. सासूबाई रोज चरवीत डोकावून सुस्कारा टाकायच्या. आणि घरात दुष्काळी मदतीत मिळालेल्या दूध पावडरीचं एक पुडकं होतं. नुसतं पाणी घातलं तर लॅक्टोमीटरवरचा आकडा, म्हणजे डिग्री, उतरते, पण पाण्यात बेतानं पावडर कालवून घातली तर डिग्री पुन्हा जागच्या जागी, हे गणित मला सुचलं. मॅट्रिकला मला विज्ञानात चांगले मार्क होते. साहेबाच्या परीक्षेच्या दिवशीच आपलं दूध भरपूर आणि शुद्ध दिसावं, म्हणून सोमवारी पहाटे मी ते करून टाकलं. घरात कुणालाही सांगितलं नाही. इतकी हुशारी एकटीनंच करायची असते.

साहेब मऊ बोलणारे, दमलेले गृहस्थ होते. दाही चरव्या ओळीनं मांडल्या. मी लॅक्टोमीटर सोडायची आणि आकडा वाचायची, आवाज जरा शहरी काढून. दहाच्या दहा पास. चेअरमन खूश. साहेब सही करायला पेन काढणार, तेवढ्यात आत्याबाई स्टुलावरून म्हणाल्या, "साहेब, आता माझ्या बोटाचंबी एकदा घ्या."

साहेब हसले. "घ्या की."

पहिल्या चरवीचं दूध तळहातावर आलं. "हे चकलांब्याहून आनलेली म्हैस हाय, तिचं. घ्या." दुसरी. "ह्ये घ्या. पन फडकं बदला म्हनावं, वास येतोय." असं करत आठव्या चरवीशी आल्या आणि थांबल्या. बोटं धुतली, पुन्हा चोळलं. परत धुतली. मग बोट जिभेला लावलं.

"हे परत करा. ह्यात पावडर हाय, दुष्काळाची."

"डिग्री तर बरोबर आहे, आत्याबाई," साहेब म्हणाले.

"काटा बरोबर हाय वो. दूध बरोबर न्हाई. अस्सल दूध बोटाखालनं सरकतंय. ह्ये पीठ लागल्यावानी थांबतंय."

चेअरमननी चरवीवरचं नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. "आत्या, अवो ही तुमच्याच घरची चरवी हाय."

"ठावं हाय. कडीला टेंगूळ हाय ना. म्हनून तर दोनदा बघितलं."

"मग घरचंच परत करता?"

"दुसऱ्याचं असतं तर म्या काय केलं असतं?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "पावडर कुणी घातली?"

आत्याबाईंनी बोटं पदराला पुसली. "दूध घरातनं आलंय, घरात म्याबी ऱ्हाती. माझं नाव लिवा."

नाव लिहिलं की स्टूल गेलं, हे तिथल्या लहान पोरालाही कळत होतं. मला वाटलं आपण आता ताठ उभं राहून, शहरी आवाजात, आत्ताच्या आत्ता खरं सांगावं. पण मला उचकी लागली. "मी," उचकी, "मी घातली," उचकी, "त्यांना माहीतच नाही." जन्मातलं माझं एकुलतं एक धाडस आणि त्यात तीन उचक्या. सासूबाई मागे कुठेतरी "अगं बाई" म्हणाल्या.

साहेबांनी दुधाच्या पेल्यात ती काचेची नळी पुन्हा सोडली. मग आत्याबाईंना म्हणाले, "बोटं तुमची खरी. पण मला वर कागद पाठवायचा आहे. नळी दुधात कुठवर बुडालीय, एवढंच बोटानं दाखवा. आकडा नको. दाखवलंत की तुमच्याच नावानं सही करतो."

आत्याबाईंनी हात पुढे केला. बोट नळीच्या वीतभर अलीकडे, हवेत थांबलं. थोडं डावीकडे गेलं. परत आलं. माझी उचकी थांबली.

"आत्याबाई," साहेब हळूच म्हणाले, "किती दिसतं तुम्हाला?"

"उजेड दिसतो की. समोर मानूस हाय का म्हैस, तेवढं कळतंय. बोलल्यावर पक्कं व्हतं."

"कधीपासून?"

"ह्या सुनेच्या लग्नाच्या आधीपासनं. ओलं बोट बरं बघतं साहेब. कोरडं बोट निस्तं हात लावतं."

"आणि घरात सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर एका कोपऱ्यात बसवलं असतं. कोपऱ्यात बसून काय चोळू, भिंत?"

मला तो उंबरठा आठवला, जिथे मी नाक फुगवून उभी होते. त्या बाईनं त्या दिवशी म्हैस पारखली नव्हती. सून बघितली होती, जशी तिला बघता येत होती तशी.

साहेबांनी कागद ओढला. "लॅक्टोमीटरचा आकडा सूनबाई वाचतील आणि लिहितील. घ्यायचं की परत करायचं, ते आत्याबाई सांगतील. दोघी बसा."

"साहेब, पन पावडर घालनारीलाच बसवायचं?" चेअरमननी विचारलं.

"चोरी कशी होते ते तिला कळलंय. बाहेर ठेवण्यापेक्षा आत बसलेली बरी. त्यांच्या घरचं दूध आठ दिवस घेऊ नका."

"आठ कमी व्हतील," आत्याबाई म्हणाल्या. "पंधरा करा."

पंधरा दिवस सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत, म्हैस मात्र आनंदात होती, कारण रेडकाला पोटभर मिळत होतं. स्टुलाशेजारी दुसरं स्टूल आलं. पुढे कित्येक वर्षं आम्ही दोघी तिथे बसलो. मी आकडा वाचायची, त्या "हं" म्हणायच्या किंवा म्हणायच्या नाहीत. दुपारी रिकाम्या वेळी त्या मला शिकवायच्या. "डोळे मीट. आता चोळ. काय लागतं?" मी डोळे किलकिले ठेवून म्हणायची, "दूध." त्या म्हणायच्या, "डोळे मिटले न्हाईस तू."

दुष्काळ ओसरल्यावर बीडला डोळ्यांचं शिबिर भरलं, तिथे त्यांचे मोतीबिंदू काढले. पट्टी सुटली तेव्हा मी समोर होते. त्यांनी मला नीट, सावकाश, पहिल्यांदाच पाहिलं आणि म्हणाल्या, "लई काळी हायेस की ग तू." घरी येईपर्यंत त्या जगावर नाराजच होत्या. भाऊ म्हातारा झाला होता, घराला पोपडे आले होते आणि म्हैस त्यांच्या समजुतीपेक्षा बरीच कुरूप निघाली. दुसऱ्या दिवशी स्टुलावर बसल्या, तळहातावर दूध घेतलं आणि डोळे गच्च मिटले. शेवटपर्यंत दूध त्यांनी तसंच बघितलं.

एकदा वाटेत मी धीर करून म्हटलं, "आत्याबाई, एक सांगायचं राहिलं. रकून म्हणजे जनावर असतं."

"ठावं हाय. तुझ्या नवऱ्यानं मला पयल्याच आठवड्यात सांगितलं. शेपटीवर कडी असत्यात म्हनं."

मी जागच्या जागी थांबले. "मग गावभर कशाला सांगत सुटलात?"

"तू घाबरत हुतीस त्याची गंमत वाटायची," त्या म्हणाल्या, आणि चार पावलं चालल्यावर, "अन् खरं सांगू, ह्या घरात येऊन वीस वर्सं झालती. मी हातानं काय करती त्याच्याकडं बघून नाव ठिवावं, असं कुनाला सुचलं न्हवतं. चेष्टंनं का हुईना, तू बघितलंस."

परवा नातीनं फोनवर रकून दाखवला. साखरेचा पिंजलेला कापूस कुणीतरी त्याच्या हातात दिला. त्यानं तो डबक्यात बुडवला, कापूस विरघळला आणि बिचारा पाण्यात बोटं फिरवत शोधत राहिला. नात हसून हसून लोळली. मग तिनं वाचून दाखवलं, की रकून धूत वगैरे नाहीच, तो आपला गैरसमज. त्याच्या हाताला ओलं असताना जास्त कळतं, म्हणून तो पाण्यात चोळून चोळून खाणं 'बघतो'. म्हणजे माझं बक्षिसाचं पुस्तक चुकलं होतं, ते धुणारं अस्वल म्हणणारे चुकले होते. 'चोळणारा' एवढंच म्हणून थांबलेले त्या किनाऱ्यावरचे जुने लोक तेवढे बरोबर होते. मी नातीला म्हटलं, हे मला बहात्तर सालीच कळायला हवं होतं. ती म्हणाली, "आजी, तेव्हा फोन नव्हते." मी म्हटलं, "नव्हते, पण डोळे होते."

आत्याबाई जाऊन आता खूप वर्षं झाली. सोसायटी बंद पडली, दूध पिशवीतून येतं. सकाळी सून पिशवीचा कोपरा कापते, तेव्हा मी तळहातावर थोडं घेते, डोळे मिटते आणि बोटानं चोळते.

"आई, काय बघताय?" ती विचारते.

"कुणाच्या म्हशीचं आहे ते."

"मग, कळलं?"

मी बोटं ओली करते आणि पुन्हा एकदा बघते.